जेवला का?

नाशिकमध्ये घरात साप निघाला की लोक सर्पमित्राला फोन लावतात, डॉक्टरला नाही. माझा दवाखाना कुत्र्यामांजरांचा. इतक्या वर्षांत टेबलावर जे साप आले ते सगळे जखमी होऊन आले. द्राक्षबागेवर टाकलेल्या जाळीत अडकून कातडी सोलली गेलेली धामण, जेसीबीच्या फटक्यात सापडलेला नाग, आधी काठी खाल्लेला आणि मग त्याच माणसाला दया आली म्हणून वाचलेला तस्कर. सर्पमित्र बरणी घेऊन येतात, वनखात्याला कळवलेलं असतं, मी टाके घालतो, इंजेक्शन देतो आणि ते घेऊन जातात. त्याला खायला काय घालायचं हा प्रश्न माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. बरा झालेला साप शिवारात परत जायचा आणि आपलं आपण बघायचा.

शिक्षणाचाही उपयोग नव्हता. मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो. 1886 सालचं ते कॉलेज. तिथे गाईचं, म्हशीचं, घोड्याचं रेशन कसं काढायचं हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं की झोपेतसुद्धा आकडे सांगता यावेत. साप मात्र आमच्या लेखी शेजारच्या हाफकिन संस्थेतले, विषासाठी ठेवलेले. त्यांच्या विषाची माहिती होती, जेवणाची नव्हती. त्यामुळे डोक्यावर राखाडी केस आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा साप सांभाळला तेव्हा एखाद्या नवशिक्या पोराला जेवढं कळतं तेवढंच मला कळत होतं. पोराला निदान उत्साह असतो.

हा साप आला एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा गंगापूर रोडचा, इंजिनिअरिंग संपवून जर्मनीला निघालेला. त्याच्या मांजरीच्या लशी माझ्याकडेच व्हायच्या. 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर तो मांजर न आणता झाकणाला भोकं पाडलेला एक डबा घेऊन आला.

‘‘सर, मांजर आजी सांभाळेल. याला कुणी ठेवून घेत नाहीये.’’

आत बॉल पायथनचं पिल्लू होतं. काही महिन्यांचं, वजन शंभर ग्रॅमच्या थोडं वर. डब्याचं झाकण काढल्याबरोबर त्याने डोकं मध्ये घेऊन अंगाची घट्ट गुंडाळी केली आणि मी निघून जाईपर्यंत ती सोडली नाही.

इथे कायद्याचं सांगायलाच हवं, कारण दवाखान्यात येणारे लोक अजूनही ‘धामण पाळली तर चालेल का हो, गरीब असते’ असं विचारतात. चालत नाही. नाग, धामण, घोणस, आपला अजगर, यांना घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. त्याच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण असतं. 2022 च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात चौथी अनुसूची आली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली, आणि 2024 च्या फेब्रुवारीत निघालेल्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. हस्तांतर झालं तरी कळवायचं, मेला तरी कळवायचं. मुलाचे कागद चोख होते. ते नसते तर मी डबा उघडलासुद्धा नसता. हस्तांतराची नोंद केली आणि साप माझ्या नावावर झाला. आमच्या कंपाउंडरकाकांनी त्याच दिवशी त्याचं नाव बाळ्या ठेवलं.

बेनिनमध्ये विदा नावाचं गाव आहे. तिथे याच जातीच्या अजगरांचं देऊळ आहे, कॅथलिक चर्चच्या अगदी समोर. देवळातला अजगर फिरत फिरत कुणाच्या घरात शिरला तर घरचे लोक त्याला मानाने परत आणून सोडतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिला बाळ्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. एरवी तिचं म्हणणं होतं की डॉक्टरकी कर, गारुडीपणा कशाला.

जाताना मुलगा सांगून गेला होता, ‘‘आठवड्याला एक उंदराचं पिल्लू, जिवंत. मेलेलं तो तोंडात घेत नाही.’’ माझी अडचण तिथेच झाली. माझ्याकडे हॅमस्टर पेशंट म्हणून येतात, पांढरे उंदीरही येतात. शाळेच्या गणवेशातली मुलगी तळहातावर उंदीर घेऊन येते, त्याला सर्दी झाली म्हणून डोळ्यांत पाणी आणते, आणि मी त्याला थेंबाथेंबाने औषध पाजतो. तसलंच जनावर मागच्या खोलीत जिवंत सोडायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. शिवाय कोंडलेल्या जागेत उंदीर सापाला चावतो. साप भुकेला नसेल तर रात्रभरात उंदीर त्याची पाठ मणक्यापर्यंत कुरतडू शकतो. मरायची वेळ आलेल्या प्राण्याला पळायला जागा नसेल तर तो दात वापरतो, त्यात नवल काहीच नाही.

म्हणून गोठवलेले उंदीर मागवले. खास सापांसाठी ते वाढवतात, वेदना न देता मारतात आणि गोठवून विकतात. थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये कुरिअरने येतात. या धंद्यात त्यांची प्रतवारी ठरलेली आहे: अंगावर केस नसलेलं ते पिंकी, लव फुटलेलं ते फझी, उड्या मारायला लागलेलं ते हॉपर. लशींच्या फ्रीजला हात लावायचा नव्हता, लशींना 2 ते 8 अंशांमध्येच राहावं लागतं. वेगळा छोटा फ्रीजर घेतला. त्यावर कंपाउंडरकाकांनी मोठ्या अक्षरांत ‘आइस्क्रीम नाही’ असं लिहिलेला कागद चिकटवला. त्यामुळे उलट प्रत्येक जण तो उघडून बघायला लागला.

हिशेब सोपा असतो. लहान पिल्लाला त्याच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के खाणं, पाच ते सात दिवसांनी. डोळ्यांनी बघायचं तर उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी, त्याहून जास्त नको. उंदीर रात्री फ्रीजमध्ये ठेवून वितळवायचा. संध्याकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, पुसून कोरडा करायचा, आणि शेवटी डोक्याकडून पुन्हा थोडा तापवायचा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला उष्णता कळते. अंधारात तो समोरच्या जनावराची ऊब पाहतो. थंड उंदीर त्याच्या दृष्टीने तिथे नसतोच.

सगळं असं करून लांब चिमट्याने उंदीर पुढे धरला. बाळ्याने डोकं आत ओढलं आणि गुंडाळी केली.

पुढच्या आठवड्यातही तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. वितळवलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही. तो दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत जायचा, जैविक कचऱ्याच्या गाडीसाठी. घरी गेलं की आई दारातच विचारायची, ‘‘जेवला का?’’

‘‘नाही.’’

‘‘दूध देऊन बघितलंस?’’

तिला सांगितलं की साप दूध पीत नाही. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांसाठीची ती गोष्ट, सापाला ती पचत नाही. मग नागपंचमीला प्यायचा तो? प्यायचा, कारण गारुड्याने त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असायचं. तहानलेला जीव समोर आलेलं कुठलंही ओलं तोंडात घेईल. त्यातलं थोडं श्वासनलिकेतही जायचं आणि पुढे फुप्फुसं बिघडून साप मरायचा. दात उपटलेले आणि तोंड शिवलेले नागसुद्धा लोकांनी पाहिलेत. आई बराच वेळ गप्प बसली. लहानपणी पंचवटीत गारुड्याच्या टोपलीसमोर तिनेही वाटी धरलेली होती.

तोवर थंडी पडली होती. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की नाशिककर उगाच अभिमानाने स्वेटर घालतात. मला त्या वर्षी अभिमान परवडणार नव्हता. सापाच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. पोटातली पाचक रसायनं बाहेरच्या उबेवर चालतात. भरल्या पोटी साप गारठला तर अन्न आतच कुजतं आणि तो ते उलटून टाकतो. लहान पिल्लाला उलटी फार महागात पडते, त्यानंतर किमान दहा-बारा दिवस काही द्यायचं नसतं. म्हणजे जेवणाच्या आधी ऊब. डब्याच्या एका टोकाला 31-32 अंश, दुसऱ्या टोकाला 25-26, आणि मधे कुठे बसायचं ते सापाने ठरवायचं. डब्याखाली गरम होणारी मॅट, तिला थर्मोस्टॅट, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. इन्व्हर्टर आधीपासून होता तो ऑपरेशन टेबलच्या दिव्यासाठी. आता तो रात्रभर एका अजगराच्या पोटाखाली ऊब धरून बसला.

मुलाकडचा काचेचा टँकही काढून टाकला. दिसायला फार देखणा, दिवेबिवे लावलेला. पण या जातीचं पिल्लू जंगलात वाळवीच्या वारुळात नाहीतर उंदीर-घुशींच्या जुन्या बिळात राहतं. चारी बाजूंनी उघड्या काचेत त्याला सतत कुणीतरी आपल्याला बघतंय असंच वाटत असणार, आणि खरंच बघत होते, दवाखान्यात येणारा प्रत्येक जण. म्हणून त्याला लहान, अपारदर्शक डब्यात हलवलं. मातीच्या दोन छोट्या कुंड्यांना कडेला खाच पाडून त्या उपड्या ठेवल्या, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. डबा मागच्या खोलीत, कुत्र्यांच्या भुंकण्यापासून लांब. आणि हात लावायचा नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. दर आठवड्याला वजन करत होतो. बाळ्या 110 ग्रॅमवरून 104 वर आला होता. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर काहीतरी करायचं असं ठरवलं होतं, आणि काय करायचं तेही येत होतं. पोटात नळी घालून पातळ खाणं देता येतं. जबडा हलकेच उघडून पिंकी तोंडात सरकवता येते. दोन्ही गोष्टी मी इतर प्राण्यांवर डोळे मिटून केल्यात. आमचं शिक्षणच मुळी तसं आहे, समोर न खाणारं जनावर ठेवलं की आमचा हात सलाइनच्या बाटलीकडे जातो. पण ज्या सापाला भीतीमुळे भूक लागत नाहीये त्याच्या तोंडात जबरदस्तीने अन्न कोंबलं तर त्याच्या लेखी जेवण आणि हल्ला एकच होऊन बसतात. पुढच्या वेळी तो आणखी घट्ट गुंडाळी करतो. बॉल पायथन मोठा झाला की महिनोन् महिने न खाता राहू शकतो, विशेषतः थंडीत. पिल्लाजवळ तेवढी शिल्लक नसते हे खरं, पण आपल्याला वाटते त्यापेक्षा ती पुष्कळ असते.

आपल्याकडे जेवू घालणं म्हणजे आग्रह करणं. पंगतीत जिलबी घेऊन फिरणारा माणूस ताटावर आडवा हात दिसला म्हणून थांबत नाही, तो हाताच्या खालून वाढतो. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला आणि यजमानाने ते लगेच ऐकलं, तर दोघांनाही चुकल्यासारखं होतं. मीही त्याच घरात वाढलो. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर त्याचा मालक त्याला कालवून भरवतो, चिकनच्या पाण्यात पोळी कुस्करतो, जमिनीवर बसून गोंजारतो, आणि कुत्रा बरेचदा त्याच्या मनाखातर दोन घास खातो. साप कुणाच्या मनाखातर काहीही करत नाही. त्याच्यासमोर बसून राहिलं तर आपण तिथे बसलोय हीच त्याची अडचण होते. कंपाउंडरकाका डब्याच्या फटीतून डोकावून ‘खा रे बाळ्या, खा’ म्हणायचे तेव्हा मी त्यांना बाहेर काढायचो, आणि ते गेल्यावर स्वतः डोकावायचो.

शेवटी तो जानेवारीत जेवला. पेशंट संपले होते, बाहेर अंधार पडत होता. एका पांढऱ्या उंदराच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा मी दुपारीच खोलीत आणून ठेवला होता, वासासाठी. दिवा बंद केला, चिमट्यात फझी धरली आणि कुंडीच्या खाचेपासून वीतभर अंतरावर नुसती धरून ठेवली. हलवली नाही. थोड्या वेळाने खाचेतून नाक दिसलं. जीभ आत-बाहेर होऊ लागली, आधी सावकाश, मग भराभर. साप वास जिभेने गोळा करतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवतो, ती सगळी ये-जा त्यासाठी. मानेला हळूहळू वळण पडत गेलं. त्यानंतर काय झालं ते मला दिसलं नाही. चिमट्याला एक झटका बसला आणि बघतो तर उंदराभोवती दोन वेटोळी पडलेली.

उंदीर मेलेलाच होता, पण ते बाळ्याला ठाऊक नव्हतं. तो आवळत राहिला. अजगर भक्ष्याचा श्वास कोंडून मारतो असं आम्हालाही शिकवलेलं होतं. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजात स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोआ जातीच्या सापांवर मोजमाप करून 2015 मध्ये दाखवलं की विळख्यात उंदराचा रक्तप्रवाहच काही सेकंदांत थांबतो. श्वास कोंडून मरायला लागतो तेवढा वेळ मुळी जातच नाही.

मग विळखा सैल झाला आणि तो नाकाने उंदराचं डोकं शोधू लागला. शेपटीकडून सुरुवात केली तर पाय अडकतात, केस उलटे लागतात. डोकं सापडलं. ‘साप जबडा निखळवतो’ असं सर्रास म्हणतात, तसं काही होत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीशी एकमेकांना सांधलेली नसतात, मधे ताणला जाणारा बंध असतो, आणि मागच्या बाजूला जबडा एका हलत्या हाडावर टांगलेला असतो. डावी बाजू पुढे सरकते, मागे वळलेले दात रुततात, मग उजवी सरकते. असं करत करत साप अन्न गिळतो म्हणण्यापेक्षा स्वतःच त्याच्यावर चढत जातो. टॉर्चचा अगदी मंद उजेड टाकला तेव्हा मला हवं होतं ते दिसलं: तोंड गच्च भरलेलं, आणि खालच्या जबड्याच्या कडेतून श्वासनलिकेचं इवलंसं तोंड बाहेर आलेलं, उघडमीट करणारं. घास गळ्यात असताना श्वास चालू राहावा म्हणून केलेली ही सोय. भूल देताना मी ज्या जागी नळी घालतो, ती जागा इथे स्वतःहून पुढे आली होती.

उंदराची शेपटी दिसेनाशी झाली. बाळ्याने दोन मोठ्या जांभया दिल्या, जबडा जागेवर बसवला, आणि गरम बाजूच्या कुंडीखाली गेला.

त्या रात्री आईने विचारायच्या आधी मीच सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

जेवणानंतर दोन दिवस सापाला अजिबात हलवायचं नाही, हा नियम का आहे ते समजलं की तो मोडवत नाही. बर्मी अजगरांवर स्टीफन सेकर आणि इतरांनी केलेलं काम मी त्या आठवड्यात वाचून काढलं. उपाशी अजगराचं आतडं आखडलेलं असतं. जेवण पोटात गेलं की ते एक-दोन दिवसांत पुन्हा वाढतं, यकृत वाढतं, आणि हृदयाच्या मुख्य कप्प्याचं वजन दोन दिवसांत चाळीस टक्क्यांनी वाढल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. पचन संपलं की सगळं परत आक्रसतं. माझ्याकडच्या लॅब्रॅडॉरचं हृदय इतकं वाढलेलं दिसलं तर मी घरच्यांना बसवून वाईट बातमी सांगायला लागेन.

त्यापुढचं फार सांगण्यासारखं नाही, कारण सगळं सुरळीत झालं. मधे डोळे निळसर-दुधाळ झाले की समजायचं, कात येणार, तेव्हा तो खात नाही. पाण्याचं भांडं थोडं मोठं ठेवायचं, एका कुंडीखाली ओलं शेवाळ ठेवायचं, नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये कात तुकड्यातुकड्याने निघू नये म्हणून. पहिली विष्ठा पडली तेव्हा तिच्यातला पांढरा, कोरडा युरेटचा तुकडा मी चिमट्याने उचलून बघितला आणि फोटो जर्मनीला पाठवला. ‘अभिनंदन सर’ असं उत्तर आलं.

खरी पंचाईत श्रावणात झाली. उंदीर गरम पाण्यात ठेवायचं काम एव्हाना कंपाउंडरकाकांकडे गेलं होतं, आणि काका श्रावण कडक पाळतात. कांदा-लसूणसुद्धा बंद. महिनाभर ते काम मीच केलं. त्यानंतर गणपती आले. आईचं म्हणणं स्पष्ट होतं: घरात गणपती असताना दवाखान्यात उंदराला मारायचं नाही. मी म्हटलं, तो आधीच मेलेला असतो. ती म्हणाली, ते मला सांगू नकोस. मग तिनेच थोडा विचार करून विचारलं, ‘‘दहा दिवस नाही दिलं तर चालेल का त्याला?’’ चालणार होतं. 300 ग्रॅमच्या आसपासचा, धष्टपुष्ट अजगर, दहा दिवसांत त्याचं काहीच बिघडत नाही. माझ्या सगळ्या पेशंटांमध्ये घरच्या सणवाराला इतकं सांभाळून घेणारा दुसरा कुणी नाही. आरतीच्या वेळी आईने मला मूर्तीच्या पोटाला गुंडाळलेला नाग दाखवला. पायाशी उंदीर, कमरेला साप, आणि दोघांचं बरं चाललंय. त्याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

बाळ्यामुळे आता मला सापांच्या जेवणाबद्दल फोन येतात. पावसाळ्यात जास्त. जून-जुलैपासून अंडी फुटतात, घोणशीला तर थेट पिल्लंच होतात, आणि सिडकोपासून म्हसरूळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या बाथरूममध्ये करंगळीएवढा साप निघतो. मुलांनी तो बरणीत भरून ठेवलेला असतो, ‘काय खायला घालू’ म्हणून विचारतात. आत दूध ओतलेलं असतं, किंवा नाकतोडा टाकलेला असतो, एकदा पोहे टाकलेले होते. मी सांगतो, काही घालू नका. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक काही दिवस पुरतो. पुढे कवड्याचं पिल्लू पाली शोधेल, दिवडाचं पिल्लू पाण्याकाठी बेडकाची पिल्लं आणि मासे शोधेल. तुमच्या घरात त्यातलं तुम्ही काहीच देऊ शकणार नाही. बरणीला हात न लावता सर्पमित्राला बोलवा, करंगळीएवढी घोणसही विषारीच असते. बहुतेकांना हे उत्तर पटत नाही. भुकेल्याला काही न देता घराबाहेर काढायचं, हे त्यांच्या जिवावर येतं.

त्र्यंबकला नारायण नागबळीसाठी आलेले एक गृहस्थ एकदा कुत्र्याला घेऊन दवाखान्यात थांबले होते. हातून नाग मारला गेला होता, म्हणून विधी. कणकेचा नाग करून त्याचे अंत्यसंस्कार करतात, ते करून आले होते. मागच्या खोलीत साप आहे हे त्यांना काकांकडून कळलं. बघायचाय म्हणाले. मी नको म्हटलं, कालच जेवलाय. ते लगेच मागे सरले, आवाजही खाली आणला, आणि जाताना काउंटरवर पन्नास रुपये ठेवून गेले. त्याच्या दुधासाठी. ते पैसे काकांनी विजेच्या बिलाच्या पाकिटात घातले.

अलीकडे एक जोडपं आलं होतं. मुलाचा हट्ट, बॉल पायथन हवा. मी कागदांचं सांगितलं, थर्मोस्टॅटचं सांगितलं, हा प्राणी पंचवीस-तीस वर्षं जगतो तेव्हा मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर कोण बघणार ते विचारलं. नवऱ्याला सगळं मान्य होतं. मग फ्रीजर उघडून दाखवला. बाईंनी आत नीट बघितलं, झाकण स्वतःच लावलं.

‘‘रोज द्यावं लागतं?’’

‘‘आठवड्याला एकदा.’’

‘‘मग असं करता येईल का डॉक्टर, साप आमच्याकडे आणि हे तुमच्याकडे? मुलगा शनिवारी येऊन एकेक घेऊन जाईल.’’

मी विचार करून सांगतो म्हटलं. काकांनी मात्र त्यांच्यासमोरच फ्रीजरमधल्या वरच्या कप्प्यात जागा करायला घेतली.